पत्र्याचा फाळका

पिकअप गाड्यांचे हौदे बांधायचं काम मी तीस वर्षांहून जास्त केलं. कारखान्यातून गाडी येते तेव्हा पुष्कळदा पुढे केबिन आणि मागे नुसता सांगाडा असतो. त्यावर माल ठेवायचा हौदा आमच्यासारखे लोक चढवतात. नागपुरात त्याला डाला म्हणतात. कामठी रोडला माझं शेड आहे. आता काम कमी केलंय, पण रस्त्याने जाताना पिकअप उभी दिसली की पाय आपोआप थांबतात. मी तिच्यासमोर उभा राहतो आणि बॉनेट आपल्या अंगावर कुठपर्यंत येतं ते बघतो. कमरेपर्यंत, पोटापर्यंत, छातीपर्यंत. बघून झालं की पुढे चालू लागतो. बायकोला ही सवय ठाऊक आहे. ती दोन पावलं पुढे जाऊन थांबते.

माझा एक मित्र होता. होता म्हणजे आहे, बुटीबोरीला लेकीकडे राहतो. आम्ही उत्तर नागपुरातल्या एकाच वस्तीत वाढलो, एकाच विहाराच्या ओट्यावर बसून परीक्षेचा अभ्यास केला आणि दोघंही नापास झालो. मी वेल्डिंगच्या दुकानात लागलो. तो गांधीबागेच्या ठोक बाजारातून कपडा उचलून आठवडी बाजारात विकायला लागला. लुगडी, टॉवेल, पोरींचे फ्रॉक. लग्न झाल्यावर बायकोही त्याच्यासोबत बाजारात बसू लागली. ती उंचीला पाच फुटांच्या आतच, पण आवाज असा की सावनेरच्या बाजारात या टोकाला भाव सांगितला की त्या टोकाच्या बाईला ऐकू जायचा. मी तिला वहिनी म्हणायचो.

त्यांची पहिली गाडी जुनीच घेतलेली होती. लांब, खाली उतरत गेलेलं नाक आणि दोन गोल दिवे. बॉनेट माझ्या कमरेच्या जरासं वर यायचं. आत बसलं की समोरची जमीन चार पावलांवर दिसायची. खड्डा दिसायचा, कोंबडी दिसायची. तिचा हौदा मी लाकडाचा बांधला, माझ्या स्वतःच्या दुकानातलं पहिलंच काम. मागचा फाळका, म्हणजे माल चढवायला खाली पाडायचं दार, तोही लाकडी, कडेने लोखंडी पट्टी मारलेला. बंद केला की धप्प असा जड, बुजलेला आवाज यायचा.

त्या गाडीचा हँडब्रेक धरत नसे. म्हणून बाजारात गाडी लावली की वहिनी पुढच्या चाकाखाली दगड लावायची आणि निघताना तीच काढायची. दगड काढून झाला की सरळ उभी राहायची, बॉनेटवर हाताने दोन थापा मारायची आणि आपल्या बाजूने चढून बसायची. दोन थापा म्हणजे निघा.

दुसरी गाडी घेतली तिला नाकच नव्हतं. चपटं तोंड, ड्रायव्हरचे गुडघे अगदी पुढच्या पत्र्याला लागलेले. अंगाने लहान, गांधीबागेच्या गल्लीत दोन हातगाड्यांच्या मधून निघायची. दगड काढून वहिनी उभी राहिली की काचेत तिचा पूर्ण चेहरा यायचा, मधे एक हाताचंही अंतर नसायचं. हिचा ब्रेक चांगला होता, दगडाची गरज नव्हती, पण सावनेरचं बाजाराचं मैदान उताराचं आणि सवय जुनी. दगड राहिला. थापाही राहिल्या, फक्त आता काचेखालच्या पत्र्यावर पडायच्या. त्या गाडीवर त्यांनी पोरगी शिकवली आणि तिचं लग्न केलं. जावई बुटीबोरीच्या एका कापडगिरणीत लागलेला.

मग गाड्यांची तोंडं बदलायला लागली. माझ्या शेडमध्ये दर दोन-तीन वर्षांनी नवीन चेहरा यायचा आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा उंच असायचा. गोल दिवे चौकोनी झाले, मग तिरपे, मग रागाने बारीक केलेल्या डोळ्यांसारखे. जाळी रुंद होत होत जबड्यासारखी झाली. बॉनेट फुगलं. मागे भरायचा माल तोच होता. त्याच कपड्याच्या गाठी, तीच संत्र्याची खोकी. पण गिऱ्हाईक गाडी बघायला यायचं ते हौदा बघत नसे, समोर उभं राहून तोंड बघायचं. कुणी म्हणायचा, ‘शेर दिसून राहिली.’ मीही म्हणायचो. मला ती तोंडं आवडायची, हे खोटं कशाला बोलू.

चपटी गाडी थकली तेव्हा मित्राला परत तसलीच लहान घ्यायची होती. मीच नको म्हणालो.

‘अरे, बाजारात सगळ्याईच्या मोठ्या आल्या. तूच काहून खेळण्यासारखी गाडी घेऊन जाशीन? लोकं बाजूले नाही होत त्या गाडीले पाहून.’

‘मले लोकाईले बाजूले करून कुठी जायचं आहे गा?’ तो हसून म्हणाला. पण घेतली मोठीच.

ती शेडमध्ये आली त्या दिवशी वहिनीही सोबत आली होती. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, ‘भाऊ, हिच्यात चढाले तर शिडी लागन मले.’ मी तिच्या बाजूला लोखंडी पायरी लावून दिली. आणि समोर, कुणी न सांगता, माझ्या हौसेने गार्ड बसवला. जाड पाइपचा, बॉनेटच्याही वर एक आडवा दांडा काढलेला, त्यावर दिव्यांची रांग. असा गार्ड लावायला सरकारची मनाई होती, हे मला ठाऊक होतं. सगळेच लावायचे. हौद्याला या वेळी लाकूड वापरलं नाही, पूर्ण पत्र्याचा केला, फाळकासुद्धा. फाळक्याचा आकडा जरा घट्ट बसला होता. एका झटक्यात अडकत नसे, दुसऱ्यांदा आपटावा लागायचा. पुढच्या वेळी आलास की घासून देतो, असं मी त्याला म्हणालो. तो तीन-चारदा येऊन गेला. दर वेळी राहून गेलं.

गाडी तयार झाली तेव्हा तो आत बसला आणि वहिनी समोर गेली. गार्डजवळ उभी राहून तिने ओरडून विचारलं, ‘मी दिसून राहिली का?’

‘नाही!’

तिने दोन्ही हात वर केले.

‘आता तुह्या बांगड्या दिसून राहिल्या!’ तो आतून म्हणाला आणि आम्ही तिघंही हसलो. मी तर पोट धरून हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं. तिचं नाही, माझं.

त्यानंतरचा हिवाळा. सावनेरचा बाजार. सकाळी निघतानाच दोघांचं वाजलं होतं. लेक बाळंतपणाला टेकलेली आणि वहिनीला महिनाभर बुटीबोरीला जाऊन राहायचं होतं. तो म्हणाला, लग्नसराई संपू दे, मग जा. ती म्हणाली, पोर काय लग्नसराई पाहून येणार आहे का. मग ती बोललीच नाही. सावनेरपर्यंत नाही, बाजारातही नाही. गिऱ्हाइकाशी बोलायची, त्याच्याशी नाही.

दुपार कलली तसं त्यांनी आवरलं. हमालाने शेवटचं गाठोडं हौद्यात टाकलं. मित्र गाडीत बसला, इंजिन सुरू केलं, काच वर घेतली. तिथल्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात, सगळी धूळ काळी. वहिनी दगड काढायला पुढे गेली. त्याला दोन थापा ऐकू आल्या. त्याने गाडी काढली. वहिनी वाकलेलीच होती.

मला फोन बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराचा आला. मी पोचलो तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर बसला होता, पायात एकच चप्पल. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तिनं थापा मारल्या गा. दोन मारल्या. मंग मी काढली.’

हेच त्याने पोलिसांना सांगितलं, वहिनीच्या भावांना सांगितलं, लेकीला सांगितलं. भावांनी ऐकून घेतलं नाही. थोरला भाऊ मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, ‘मेलेल्या बाईच्या नावावर खोटं बोलून राहिला हा माणूस.’ वस्तीतली माणसं मान खाली घालून बसली. भन्तेंनी वंदना सुरू केली आणि विषय तिथेच थांबला. पण त्यानंतर भाऊ त्याच्या घरात आले नाहीत.

लेकीने त्याच्यावर आरोप केला नाही. तिने फक्त एकदा विचारलं, ‘बाबा, आईनं थापा मारल्या, तर मंग ती परत खाली काहून वाकली?’ याचं उत्तर शोधता शोधता तो त्या सकाळच्या भांडणापर्यंत आणि दिवसभरच्या तिच्या मौनापर्यंत पोचला, आणि तिथून एका अशा जागी गेला की त्याला परत आणणं कुणाला जमेना.

पोलिसांनी गाडी सोडल्यावर ती माझ्याकडे आली. त्याला ती घरापुढे नको होती आणि विकायचीही नव्हती. आली त्याच दिवशी मी गार्ड कापून काढला. कटरच्या ठिणग्या उडत होत्या आणि मला वाटत होतं, एवढं केलं म्हणजे झालं.

महिनाभराने मी गाडीचे कागद काढायला केबिनमध्ये बसलो होतो. दारं लावलेली, काचा वर. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचं एक कुत्रं हौद्यात जाऊन झोपायचं. माझी बायको डबा घेऊन आली होती, तिने त्याला हाकललं आणि फाळका लावला. एकदा आपटला, अडकला नाही. दुसऱ्यांदा आपटला.

मी समोर पाहिलं. मागे नाही, समोर. थाप बॉनेटवर पडली असंच मला वाटलं. त्या बंद केबिनमध्ये आवाज पत्र्यापत्र्यातून पुढे यायचा आणि कुठून आला ते कळत नसे. समोर कुणी नव्हतं. मग मी आरशात पाहिलं, तर मागे बायको हात झटकत उभी होती.

मी तिला परत लावायला सांगितलं. पुन्हा तेच, दोन थापा. मी खाली उतरून तिला सगळं सांगितलं. सावनेरच्या हमालाने गाठोडं टाकल्यावर फाळका लावला असणार आणि तो दुसऱ्या झटक्यात अडकला असणार. जुन्या गाडीचा लाकडी फाळका असता तर हा आवाज असा आलाच नसता.

बायको म्हणाली, ‘आत्ताच्या आत्ता जाऊन त्याईले सांगा.’

‘सांगतो,’ मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी गेलो नाही. ग्राइंडर घेतला आणि फाळक्याचा आकडा घासून टाकला. एका झटक्यात बसेल इतका. का घासला, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही. राहिलेलं काम करतोय, असं स्वतःला सांगितलं.

मी त्याला दीड वर्ष सांगितलं नाही.

या दीड वर्षात तो दर आठवड्याला शेडमध्ये यायचा. धंदा बंद केला होता, गांधीबागेत एका कपड्याच्या दुकानात नोकरीला लागला होता. सुटीच्या दिवशी दुपारी यायचा, माझ्याशी दोन शब्द बोलायचा, मग गाडीचं दार उघडून आत बसायचा. काचा वर, हात स्टिअरिंगवर. तासभर तरी. माझं वेल्डिंग चालू असायचं आणि माझी नजर चष्म्यातून सारखी तिकडे जायची. खाली उतरला की चेहरा धुतल्यासारखा शांत असायचा.

एकदा मी विचारलं, ‘काय करतं गा आत बसून?’

‘ती येते.’

‘कोण?’

‘येते आणि थाप मारते. दोनदा. घरी दुपारी डोळा लागला तरी येते. पण इथं चांगली ऐकू येते.’

मी वाकून जमिनीवर पडलेला वेल्डिंगचा रॉड उचलला. सांगायला तेवढा वेळ पुरे होता. सांगितलं नाही.

मला कशाची भीती होती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पोलिसांची थोडी होती. धंद्याची थोडी होती. पण खरी भीती त्याच्या तोंडाची होती. ऐकल्यावर ते तोंड माझ्याकडे वळेल, ते मला बघायचं नव्हतं. गार्ड माझा, फाळका माझा, आकडा माझा, मोठी गाडी घे म्हणणारा मीच. यातलं बरंचसं त्याला ठाऊकच होतं आणि तो कधी एका अक्षराने बोलला नव्हता. तेच मला सहन होत नसे. त्या दिवसांत मी गार्ड बसवणं सोडलं. गिऱ्हाइकं शेजारच्या शेडमध्ये जाऊ लागली. माझ्याकडे कुणी नवी उंच गाडी घेऊन आलं की मी बायकोला समोर उभी करून आत बसायचो. कधी तिच्या केसांचा भांग दिसायचा, कधी तोही नाही. मी उतरून गिऱ्हाइकाला म्हणायचो, आत बसून बघा. बहुतेक जण बसायचे, हसायचे आणि विषय बदलायचे.

मग एका दुपारी लेकीचा फोन मला आला. तिच्या मुलीचा पहिला वाढदिवस कधीच होऊन गेला होता आणि आजोबांनी नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. ‘काका, तुमचं ऐकतीन ते. काहून येत नाही ते विचारा ना जरा.’

तो आला तेव्हा मी विचारलं. तो गाडीच्या पायरीवर बसला होता, वहिनीसाठी लावलेल्या त्याच पायरीवर.

‘कोणत्या तोंडानं जाऊ?’ तो म्हणाला. ‘तिनं थाप मारली म्हणजे जा म्हणून सांगितलं. अन् मंग स्वतः चाकापुढं वाकली. तिले जगायचंच नव्हतं गा माह्यासंगं. माणूस असं केव्हा करते? मी पोरीले जाऊन काय सांगू, तुह्या मायनं मले पाहून जीव दिला?’

मी म्हणालो, ‘तिनं थाप मारलीच नाही.’

मी त्याला केबिनमध्ये बसायला सांगितलं, दार लावलं, काच वर घ्यायला लावली. मागे जाऊन फाळका आपटला. एकदाच वाजला. एका झटक्यात अडकला.

त्याने काच खाली केली. ‘हे तर एकच हाय.’

तेव्हा ते सांगावं लागलं. आकडा घट्ट होता, आणि महिनाभराने कळल्यावर मीच घासला. त्याच्या तोंडाकडे बघत सांगितलं. त्याने काच परत वर घेतली. मी आकडा मोकळा ठेवून फाळका दोनदा आपटला. मग त्याने बोटाने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा आपटला. पुन्हा खूण. किती वेळा आपटला ते आठवत नाही. शेजारच्या शेडमधले लोक बाहेर येऊन बघत होते. तो मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होता.

उतरला तेव्हा रडत नव्हता. म्हणाला, ‘म्हणजे ती नव्हती.’

‘नाही.’

‘ती दगडच काढून राहिली होती.’

‘हो.’

चार पावलं गेला आणि वळला. ‘दीड वर्ष काहून थांबला गा तू?’

उत्तर ऐकायला तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याची पोलीस केस बघणाऱ्या वकिलाकडे जाऊन सगळं लिहून दिलं. पोलिसांनी मला दोनदा बोलावलं. सावनेरच्या हमालाला शोधलं, त्यालाही आठवत होतं. ‘तो फाळका कवाच एका खेपेत लागत नव्हता,’ तो म्हणाला. हमाल दीड वर्ष तिथेच होता, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं. वहिनीच्या थोरल्या भावाला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने मला घरात घेतलं नाही, दारातच ऐकलं, आणि त्याच आठवड्यात बहिणीच्या नवऱ्याकडे जाऊन त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. गाडी जावयाने येऊन नेली आणि कुठेतरी लांब विकली. कुठे ते मी विचारलं नाही.

मित्र आठ-नऊ महिने माझ्याकडे फिरकला नाही. मग लेकीनेच बोलावलं म्हणून मी बुटीबोरीला गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता. नात त्याच्या पोटावर टेकून बिस्कीट खात होती. अंगाने भरला होता, दाढी नीट केलेली. लेक म्हणाली, बाबा आता पोटभर जेवतात, गाढ झोपतात. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी आपल्या हातून नीट झालं.

लेक चहा ठेवायला आत गेली तेव्हा तो म्हणाला, ‘तुले दोष नाही देत मी. तू सांगितलं ते बरंच केलं.’

मी मान हलवली.

‘पण पहिले ती यायची,’ तो म्हणाला. ‘दुपारी जरा डोळा लागला की यायची. थाप मारायची. घाबरायचो मी, पण यायची. तू सांगितलं त्या दिवसापासून एकदाही नाही आली. मी मुद्दाम पडून राहतो. फाळका ऐकू येते. नुसता फाळका.’

नातीने त्याच्या तोंडात ओलं बिस्कीट घातलं. त्याने ते खाल्लं. आतून कपांचा आवाज आला, चहा आला, आम्ही प्यालो. जावयाच्या पाळीबद्दल बोललो, गिरणीबद्दल बोललो. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि पुढच्या महिन्यात ये म्हणाला. मी गेलो. त्यानंतरही दर महिन्याला जातो.